दिवाडीवरचे जुने घर आणि पाच खोल्यांचे हॉटेल

दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातले, मांडवी नदीतले बेट. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि उत्तरेला डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोटीने तिथे जाता येते. मधल्या टेकडीवर पिएदाद, भोवती मळार, नार्वे, सां माथियश, आणि त्याखाली खाजन शेते. जाड चिऱ्याच्या भिंती, राजांगण, पुढे बाल्कांव (बसायची पडवी) आणि वर मंगळुरी कौले अशी बंद पडलेली घरे इथे बरीच दिसतात. मुंबई-पुण्याची नोकरी सोडून असे एखादे घर दुरुस्त करावे आणि नवरा-बायकोने मिळून चार-पाच खोल्यांचे हॉटेल चालवावे, हा विचार अनेक जोडप्यांच्या मनात असतो. पुढे जायची वेळ आली की गोंधळही ठरावीक ठिकाणीच होतो. घर कोणाकडून घ्यायचे, पत्नीचे नाव कुठे लागते, नुसत्या डागडुजीला परवानगी लागते का, आणि खोल्या किती काढायच्या, हे ते प्रश्न.

आधी ठिकाण नक्की करावे

नार्वे नावाची दोन गावे आहेत, एक दिवाडीवर आणि दुसरे नदीपलीकडे डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान बेटावरचे. पोर्तुगीज काळात देव पलीकडे गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले. म्हणून दस्तऐवजात केवळ गावाचे नाव पाहून पुढे जाऊ नये. तालुका, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग तिन्ही जुळले पाहिजेत.

महाराष्ट्रात सातबारा, तसा गोव्यात फॉर्म एक व चौदा, म्हणजे बोलीतला ‘एक-चौदा’. त्याच्या जोडीला सर्व्हे खात्याचा नकाशा आणि पोर्तुगीज काळातली जुनी नोंद यांच्या प्रती काढाव्यात. जुनी नोंद पोर्तुगीजमध्ये असते. तिचे भाषांतर दलालाकडून न घेता स्वतंत्र माणसाकडून करून घ्यावे. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकारीची, असेल तर ती खाजगी माणसाला आपल्या मर्जीने विकता येत नाही.

सही कोणाकोणाची लागते

बेटावरचे बहुतेक व्यवहार इथेच अडतात. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. घर कागदावर एकट्या पुरुषाच्या नावे असले तरी विक्रीच्या दस्तावर त्याच्या पत्नीची सही हवी. मालक वारला असेल तर अर्धा वाटा जोडीदाराचा राहतो आणि उरलेला वारसांकडे जातो. त्या प्रत्येक वारसाचा जोडीदारही मग सही करणाऱ्यांत येतो. आजोबांच्या नावाचे घर असेल तर वीस-बावीस सह्या सहज होतात, आणि त्यांतली माणसे लिस्बन, टोरांटो, वसई अशी विखुरलेली असतात.

वारस ठरवण्याची आजची पद्धत 2012 च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहे. वारसांत वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे वारसपत्र होते. वाटणी करायची असेल किंवा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी चालते. ‘इन्व्हेंटरी चालू आहे, तोवर टोकन देऊन ठेवा’ असे सांगितले जाते. टोकन देऊ नये. देणे भागच पडले तर वारस ठराविक तारखेपर्यंत न ठरल्यास रक्कम परत मिळेल, असे लेखी कलम असल्याशिवाय देऊ नये.

व्यवहारापूर्वी एवढे हातात हवे:

- वारसपत्र किंवा इन्व्हेंटरीतला अंतिम आदेश, आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे जोडीदाराचे नाव;
- परदेशातल्या वारसाचे मुखत्यारपत्र त्या देशाच्या अपोस्टिलसह किंवा भारतीय वकिलातीच्या साक्षांकनासह, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरल्याचा पुरावा;
- एखाद्याच वारसाचा अविभक्त हिस्सा घेत असाल तर बाकीच्या वारसांनी तो घेण्यास लेखी नकार दिल्याचा कागद. हिस्सा बाहेरच्याला विकण्याआधी सहवारसांना देऊ करावा लागतो.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठी एक वेगळी मर्यादा आहे. ओसीआय कार्डधारकाला घर विकत घेता येते, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस घेता येत नाही. जुन्या घरामागे पोफळीची बाग असते आणि उताऱ्यावर ती वेगळी दाखवलेली असते. तिचा प्रश्न आधीच सोडवावा.

घरात आणखी कोणाचा हक्क आहे का

मोठ्या घराच्या आवारात, मागच्या बाजूला किंवा विहिरीजवळ, एखादे छोटे घर असते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने तिथे राहत आलेले कुटुंब 1975 च्या कायद्याने मुंडकार ठरू शकते. मुंडकाराला हुसकावता येत नाही, आणि आपले घर भोवतालच्या जमिनीसह विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. मोठे घर विकले गेले म्हणून हा हक्क संपत नाही. उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नाव नाही एवढ्यावर समाधान मानू नये. आवारात फिरून चुली मोजाव्यात, शेजाऱ्यांकडे चौकशी करावी आणि मामलेदाराच्या कार्यालयात मुंडकारीचा दावा आहे का ते पाहावे. दावा असलाच तर तो व्यवहार मोडायचे कारण नाही. त्या कुटुंबाचा तुकडा वेगळा करून देऊन बाकीचे घ्यावे. ते शेजारी म्हणून राहणारच आहेत, आणि बेटावरच्या हॉटेलाला रात्री अकरा वाजता पहिली मदत त्यांचीच होते.

शेताचेही असेच. कुळाच्या वहिवाटीची जमीन बिगरशेतीसाठी वापरण्यावर 1991 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2023 च्या कायद्यानंतर भातशेती शेतकरी नसलेल्याच्या नावे करता येत नाही. बाल्कांवातून दिसणारी हिरवी शेते पाहण्यासाठी आहेत. ती विकत घेऊन तंबू ठोकण्याचा बेत सोडून द्यावा.

विकत की भाडेपट्ट्याने

पहिल्यांदाच हॉटेल चालवणाऱ्या जोडप्याने भाडेपट्ट्याचा विचार आधी करावा. पुष्कळ कुटुंबांना घर विकायचे नसते, पण पडू द्यायचेही नसते. दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने करावा आणि पंधरा-वीस वर्षे घर वापरावे, ही तडजोड दोघांना परवडते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. नुसत्या स्टँप पेपरवरच्या करारावर छप्पर बदलणे म्हणजे दुसऱ्याच्या घराला देणगी देणे. पट्ट्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. मुदतीआधी घर परत मागितले तर दुरुस्तीच्या खर्चातला किती वाटा परत मिळेल, मालक वारल्यास वारसांवर करार बंधनकारक राहील का, आणि हॉटेल चालवण्याची संमती कोणत्या शब्दांत दिली आहे. ‘निवासासाठी’ असे लिहिलेल्या करारावर पर्यटन खात्याची नोंदणी मागायला जाता येत नाही. पट्ट्यावरही सर्व सहमालकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात, हे पुष्कळजण विसरतात.

पती-पत्नीचे आपसातले हिशेब

‘गोव्यात घर घेतले म्हणजे निम्मे आपोआप पत्नीचे’ ही समजूत चुकीची आहे. संहिता मूळ गोवेकरांना लागू आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचा अधिवास असलेल्याच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही तीच लागू ठरवली, पण बाहेरून येऊन घर घेतलेल्या जोडप्याचा विवाह त्यामुळे सामाईक मालमत्तेचा होत नाही. कोल्हापुरात किंवा डोंबिवलीत लग्न झालेल्या जोडप्याने खरेदीखतात किंवा पट्ट्यात दोघांची नावे, हिश्शांसह, लिहून घ्यावीत. जोडीदारांपैकी एकजण मूळचा गोवेकर असेल, किंवा लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल, तर खरेदीआधीच गोव्यातल्या वकिलाला विचारावे.

धंद्यासाठी दोघांची नोंदणीकृत भागीदारी किंवा एलएलपी बरी. एकाच्या नावावर धंदा आणि दुसऱ्याला ‘पगार’ अशी रचना केली, तर आयकरात तो पगार बऱ्याचदा पहिल्याच्याच उत्पन्नात धरला जातो. आणखी एक साधी गोष्ट: बँक खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. एक जण फेरीपलीकडे सिमेंटवाल्याकडे असताना इकडे कामगाराचा हप्ता द्यायची वेळ येते.

नकाशा, भरती आणि डागडुजीचा परवाना

मांडवीच्या या भागात भरतीचे पाणी येते, त्यामुळे किनारी नियमन क्षेत्राचे नियम नदीकाठच्या घरांना लागू होतात. आपले घर भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे हे फूटपट्टीने ठरत नाही. मंजूर किनारी आराखड्यावर ठरते. गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून सर्व्हे क्रमांकासह लेखी उत्तर घ्यावे. नगरनियोजन खात्याचा झोनिंगचा दाखलाही घ्यावा. घराची जागा ‘सेटलमेंट’मध्ये आणि मागचा अर्धा भाग शेतीत, असे हमखास निघते.

खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन; पाणी आत-बाहेर करणारे दार म्हणजे मानस. तिथे भर घालणे, कांदळ तोडणे किंवा गाडी लावायला सपाटी करणे यांतली एकही गोष्ट करू नये. गुन्हा तर होतोच, शिवाय पाण्याची वाट बुजली की ते पाणी आपल्याच जोत्याखाली येते.

डागडुजीला परवानगी लागते का, याचे उत्तर: बहुतेक वेळा लागते, आणि ती पंचायतीकडून. कौले बदलणे, गिलावा, रंग ही किरकोळ दुरुस्ती. भिंत काढणे, नवीन न्हाणीघर बांधणे, छपराची उंची बदलणे ही कामे नगरनियोजनाच्या मान्यतेशिवाय होत नाहीत. राजांगणावर काचेचे छप्पर घालण्याचा मोह आवरावा. परवानगीची कटकट बाजूलाच राहिली. घराचा वारा त्याच वाटेने खेळतो.

पंचायतीने अर्जावर मुदतीत निर्णय दिला नाही किंवा कारण न देता नाकारला, तर पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करता येते. दाखले अडवले जात असतील तर गोव्याचा 2013 चा मुदतबद्ध सेवांचा कायदा आणि माहितीचा अधिकार हे दोन मार्ग आहेत. अर्जाच्या पोचपावतीशिवाय दोन्ही निरुपयोगी.

किती खोल्या: हे विहीर ठरवते

नकाशावर सात खोल्या बसतात म्हणून सात काढू नयेत. राष्ट्रीय इमारत संहितेत साध्या हॉटेलासाठी माणशी रोज 180 लिटर पाणी धरतात. पाच खोल्यांचे दहा पाहुणे म्हणजे 1,800 लिटर. जोडपे आणि दोन कामगार यांचे माणशी 135 धरून आणखी 540. रोजचे 2,340 लिटर, आणि मार्च ते मे या 92 दिवसांचे सुमारे 2 लाख 15 हजार. नेमक्या याच महिन्यांत बेटावरच्या खालच्या विहिरी खारावतात. नळ असला तरी विहिरीचे पाणी एप्रिलअखेर तपासून घ्यावे. डिसेंबरात गोड लागणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नये.

पाऊस मात्र भरपूर, वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर. 100 चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पडतात आणि पाचवा भाग वाया गेला तरी 2 लाख 40 हजार उरतात. एवढी टाकी कोणी बांधत नाही. पन्हळीचे पाणी गाळून विहिरीत सोडावे आणि पन्नास हजार लिटरची टाकी फक्त उन्हाळ्यासाठी राखावी, एवढे पुरते. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर हवा. चिऱ्याचा खडक सच्छिद्र असतो. उताराच्या वरच्या अंगाला खड्डा आणि खालच्या अंगाला विहीर असेल तर 18 मीटरही कमीच. ही दोन ठिकाणे नकाशावर मांडली की खोल्यांचा आकडा आपोआप समोर येतो. बहुधा तो चार किंवा पाच असतो.

छप्पर, लाकूड, चुना

काम छपरापासून सुरू करावे आणि ते नोव्हेंबर ते एप्रिल एवढ्यातच उघडावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, पण वळवाच्या सरी मेमध्येच येऊन जातात. ‘पंधरा दिवसांत होईल’ असे सुतार म्हणाला तर दीड महिना धरावा. वासे, आढे आणि भाल यांची तपासणी मधोमध न करता भिंतीत घुसलेल्या टोकांशी करावी. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच येतात. टोकाकडे टोचणी सहज आत गेली तर तेवढा भाग कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यावा. अख्खा वासा काढण्याची गरज क्वचितच पडते. उतरवलेली कौले फेकू नयेत. बासेल मिशनने मंगळुरात 1865 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या साच्याचा वारसा आजही चालू आहे, पण जुन्या आणि नव्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसतीलच असे नाही. म्हणून जुनी कौले एका उतारावर एकत्र आणि नवी दुसऱ्या उतारावर घालावीत. मिसळली तर गळती ठरलेली.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत महागडी चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो आणि ती भिंतीतून बाहेर पडून सुकते. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते आणि क्षारांबरोबर गिलाव्याचे फुगे येऊन तो गळतो. मग दर दिवाळीला रंगारी. आधीच्या मालकाने सिमेंट लावले असेल तर ते काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी आणि मगच चुन्याचा गिलावा करावा. चुना हौदात निदान काही आठवडे भिजत ठेवावा लागतो. कामाच्या आदल्या दिवशी पिशवी फोडणारा कंत्राटदार बदलावा. चुन्यात गुळाचे पाणी घालण्याची रीत जुने गवंडी पाळतात. वरून प्लास्टिक इमल्शन न लावता चुन्याचाच हात द्यावा.

खिडक्यांतली शिंपल्यांची तावदाने दिसली तर एकेक सांभाळावी. ज्या शिंपल्यांची ती बनतात त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे नवी मागवणे हा पर्याय नाही. तुटलेल्या खिडकीतले चांगले तुकडे एकत्र करून पुढची एक खिडकी पूर्ण करावी आणि मागच्या खिडक्यांना काच लावावी. कोणाला खटकत नाही.

खर्चाचा अंदाज मुख्य भूमीच्या दराने काढू नये. प्रत्येक चिरा, रेती आणि लाकूड फेरीवरून येते. फेरीत जड ट्रक घेतात का आणि ओहोटीला धक्क्याचा उतार किती तीव्र होतो, हे आधी विचारावे. माल जुन्या गोव्याच्या बाजूला उतरवून छोट्या टेंपोने आणावा लागला तर हमाली दुप्पट होते. पुलाची चर्चा अधूनमधून निघते. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

नोंदणी आणि कर

पाहुणे घेण्याआधी 1982 च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते. ‘आमचे तर घरच आहे’ ही सबब चालत नाही. पैसे घेऊन राहू दिले की नोंदणी आलीच. त्याखेरीज लागणारे:

- पंचायतीचा व्यवसाय परवाना;
- स्वयंपाकघर असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे खोल्यांच्या संख्येप्रमाणे लागेल ती संमती;
- मद्य द्यायचे असेल तर अबकारी परवाना (तो नसताना पाहुण्याला ‘घरची’ फेणी बिलात लावू नये);
- परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद. याला ओळखीच्या पाहुण्याचा अपवाद नाही.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. बुकिंग संकेतस्थळावरून खोल्या विकल्या म्हणून नोंदणी करावी लागेल, ही भीतीही अनाठायी आहे. नोंदणी नसलेल्या छोट्या हॉटेलाच्या त्या विक्रीवरचा कर संकेतस्थळच भरते. नोंदणी झाल्यावर दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के कर आहे. मात्र इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे गाद्या, पंखे, एसी यांवर भरलेला जीएसटी परत येणार नाही, तो दुरुस्तीच्या खर्चातच धरावा. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. ते पाहुण्याच्या खुशीवर असते.

फेरी, ऋतू आणि पाहुणे

बुकिंग पक्के होताना पाहुण्याला तीन गोष्टी लेखी कळवाव्यात: कोणत्या धक्क्यावरून यायचे, शेवटची फेरी किती वाजता, आणि ती चुकली तर काय. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर पहिली रात्र पणजीत काढायला सांगणे हा तोटा वाटतो, पण धक्क्यावर सामानासह तासभर उभा राहिलेला पाहुणा त्याहून महाग पडतो. रद्द करण्याच्या अटी बुकिंगआधीच दाखवलेल्या असाव्यात. फेरी बंद पडल्यामुळे पाहुणा पोचलाच नाही, तर पैसे परत की तारीख बदलून, हेही त्यातच असावे. वाद ग्राहक आयोगात गेला तर लिहिलेलेच तपासले जाते.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा बेटावरचा उत्सव असतो. त्या दिवशी झेंडे, मिरवणूक आणि फेरीवर अफाट गर्दी. त्या दिवसाचे बुकिंग दोन रात्रींचेच घ्यावे आणि भाजी, गॅस, दूध गुरुवारीच आणून ठेवावे. रात्री दहानंतर बाहेर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. लग्नाचे बुकिंग घेताना ही अट आधी सांगावी.

रात्री कोणी आजारी पडले तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेण्यासाठी नदी ओलांडावीच लागते. रात्रीच्या फेरीसाठी कोणाला बोलवायचे ते धक्क्यावरच्या कर्मचाऱ्यांकडून समजून घ्यावे आणि तो नंबर प्रत्येक खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला, मराठी-कोकणी-इंग्रजीत लावावा.

पहिली दोन वर्षे जून ते सप्टेंबर हॉटेल बंद ठेवलेले बरे. त्या काळात पगार चालू ठेवायचे असतील तर तेवढी रक्कम मार्चमध्येच बाजूला काढावी. बंद घरात दर आठवड्याला एकदा सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात, गाद्या उभ्या कराव्यात आणि जोराची सर आली की माळ्यावर जाऊन दिव्याच्या उजेडात कौले खालून पाहावीत. जिथे थेंब दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करावी. नोव्हेंबरात छपरावर चढणाऱ्या माणसाला त्या खुणा दाखवाव्यात.